अनुभवाचा दाखला

पोलादपूरच्या एस.टी. स्टँडजवळ झेरॉक्सचं एक दुकान. काचेवर कागद चिकटवलेला : बायोडाटा करून मिळेल. तात्यांना घेऊन मी आत शिरलो. कॉम्प्युटरवरच्या पोरानं मान वर न करता विचारलं, "लग्नाचा का नोकरीचा?"

तात्या सत्तावन्न वर्षांचे. लाजले. म्हणाले, "लगीन झालं रं माजं. पोरींची पन झाली."

पोरानं तयार नमुना उघडला. नाव, जन्मतारीख, धर्म, जात, उंची, रंग, शिक्षण, मामाचं कूळ. मग त्याच्या ध्यानात आलं, हा लग्नाचाच आहे. उंची, रंग आणि मामा त्यानं पुसून टाकले. धर्म आणि जात तशीच राहिली. मी म्हटलं, हेही काढ. तो म्हणाला, "राहू द्या ना, सगळेच टाकतात."

दोस्तहो, सगळेच टाकतात हे खरं आहे. कधीपासून टाकतात, कोणी टाकायला लावलं, आणि आमच्या महाड-पोलादपूरच्या मातीत हा रकाना पहिल्यांदा कोणाला भरावा लागला, हे शोधायला मी त्या दिवशी दुकानातून बाहेर पडलो. बायोडाटा न करताच.

आधी माझं सांगतो. मी सूतगिरणीत आहे, इचलकरंजीकडं. रिंगफ्रेमला. शाळा आठवीत सुटली. पुढचं वाचन सगळं रात्रपाळीतल्या चहाच्या सुटीत आणि एस.टी.च्या मागच्या सीटवर झालं. त्यातून कविता लिहायला लागलो, दोनचार छापून आल्या, आणि वाडीत माझं नाव झालं. कविता लिहितो म्हणजे याला अर्जही लिहिता येत असणार, असा आमच्याकडचा सरळ हिशेब. २०२३ च्या एप्रिलात सुटीवर घरी आलो त्याच रात्री तात्या ओट्यावर येऊन बसले. जयभीम घातला. तंबाखू मळता मळता म्हणाले, "माजा कागद करून दे बाबा. कागदाबिगर आता कोन उबं करत नाय."

तात्या माझ्या बापाचे चुलतभाऊ. धंदा वेल्डिंगचा. महाडच्या एम.आय.डी.सी.त रसायनांचे कारखाने आहेत. तिथल्या पायपा, टाक्या, चिमण्या यांना जोड मारण्यात या माणसाची चौतीस वर्षं गेली. एका कारखान्यात नाही, पंधरा-वीस कारखान्यांत. आणि एकाही कारखान्याच्या हजेरीपुस्तकात त्यांचं नाव नाही, कारण नाव ठेकेदाराच्या वहीत. ठेकेदार बदलला की वही बदलली. जुन्या वह्या कुठं गेल्या ते ठेकेदारालाच ठाऊक. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शेवटच्या ठेकेदारानं गाशा गुंडाळला. नवे आलेत ते तरणे आहेत, मोबाईलवर बोलतात. म्हणतात, बायोडाटा टाका. आय.टी.आय. आहे का? अनुभवाचा दाखला आहे का?

होतं थोडंफार. पत्र्याच्या पेटीत जुने गेटपास होते, कुठल्याशा साहेबानं दिलेल्या दोन चिठ्ठ्या होत्या. पेटी महाडातल्या भाड्याच्या खोलीत. २०२१ च्या २२ जुलैला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडात शिरलं ते तुम्हाला माहीत आहे. त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर आला, ऐंशीच्या वर माणसं गेली. आमच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीला दरडी आल्या. पाणी ओसरल्यावर तात्यांनी पेटी उघडली तर गेटपासांचा लगदा. मी हळहळलो तर मलाच म्हणाले, "मानसं गेली तितं कागदाचं काय रडतोस?"

तर असा माणूस. हातात कसब, पेटीत लगदा. याचा बायोडाटा लिहायचा.

तीन रात्री बसलो. पहिल्या रात्री मी पुस्तकी प्रश्न विचारले. अनुभव किती, पात्रता काय. तात्या म्हणायचे, "लिव काय तरी. वेल्डिंग करतो म्हनून लिव." एक ओळ झाली. चौतीस वर्षांची एक ओळ.

दुसऱ्या रात्री मी प्रश्न बदलला. म्हटलं, तात्या, सगळ्यात अवघड जोड कुठला मारला ते सांगा. मग माणूस खुलला. पाईप भिंतीला चिकटून आहे, मागच्या बाजूला डोकं जात नाही, तेव्हा आरसा लावून, आरशात बघून उलट्या हातानं कसा जोड मारायचा. पाईप पंचेचाळीस अंशात तिरपा बांधलेला असतो, जागचा हलवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती फिरायचं. त्याला सिक्स-जी म्हणतात आणि तो ज्याला जमला त्याला सगळं जमलं. स्टेनलेसच्या पाइपात आतून आर्गन वायू भरून ठेवायचा, नाहीतर जोडाची आतली बाजू जळून काळी पडते. ७०१८ चा रॉड भट्टीत तापवून कोरडा करून घ्यायचा, ओल राहिली तर जोडाला तडा. पहिला रूट आर्गननं, वरचे थर रॉडनं. मी लिहीत सुटलो. चार पानं झाली. माझ्या कवितांत एवढं अचूक काही मी अजून लिहिलेलं नाही, हे कबूल करतो.

हे सगळं शिकवलं कोणी? कोणी नाही. सुरुवातीला हेल्पर. केबल उचलायची, ग्राइंडर मारायचा, वेल्डरला पाणी द्यायचं. जेवणाच्या सुटीत वेल्डर झोपला की टाकाऊ तुकड्यावर होल्डर चालवून बघायचा. डोळे किती वेळा सुजले त्याची गणती नाही. कच्चा बटाटा किसून डोळ्यावर बांधायचे. सहा वर्षं हेल्पर.

तिसऱ्या रात्री नंबराची गोष्ट निघाली. ती मी नीट सांगतो, कारण पुढचा सगळा इतिहास मला त्या नंबरात दिसला.

मोठ्या कामात जोडांचा एक्स-रे काढतात. आत पोकळी राहिली, खोट राहिली तर फिल्मवर दिसते. म्हणून प्रत्येक जोडाशेजारी तो मारणाऱ्या वेल्डरचा नंबर टाकतात. नंबर ज्यानं परीक्षा दिली आणि सर्टिफिकेट घेतलं त्याला. परीक्षेला पैसे पडतात, ठेकेदार एकाचेच भरायचा. ते सर्टिफिकेट त्याच्या नात्यातल्या माणसाच्या नावावर. तो टेबलाशी बसून वही लिहायचा, जोड तात्या मारायचे आणि पायपेवर नंबर त्याचा पडायचा. अशी अकरा वर्षं. ठेकेदाराचं नाव मी इथं छापत नाही, तो आता हयात नाही.

मी विचारलं, "तात्या, तुम्ही काही बोलला नाहीत?"

"बोलून? काम हुतं. एक्स-रेत पास हुतो हे मला ठावं, त्याला ठावं. पाईपला पन ठावं."

एकलव्याचा अंगठा मागितला होता. इथं अंगठा ठेवला आणि नाव घेतलं. धंदा करणाऱ्यांची अक्कल सुधारली म्हणायची.

आता इतिहासाकडं.

आपल्या चळवळीत महाड म्हटलं की १९ आणि २० मार्च १९२७, चवदार तळं, आणि २५ डिसेंबरचं मनुस्मृतिदहन. बरोबरच आहे. पण त्याच्या तेहेतीस वर्षं आधी एक अर्ज लिहिला गेला, त्याच्याकडं आपण फारसं बघत नाही. अर्ज लिहिणारा महाडजवळच्या रावढळचा. गोपाळबाबा वलंगकर. पलटणीत हवालदार, १८८६ ला पेन्शनीत निघालेले. म्हणजे म्हातारपणाकडं झुकलेला, हाताला शिस्त असलेला, काम संपलेला माणूस. त्यांनी १८८८ ला 'विटाळ विध्वंसक' छापलं, अस्पृश्यता कुठून आली हे धर्ममार्तंडांना प्रश्न घालून घालून विचारलं. दापोलीत अनार्य दोषपरिहारक मंडळी काढली. आणि १८९४ ला लष्करी अधिकाऱ्यांसाठी विनंतीपत्र तयार केलं.

कशासाठी? कामासाठी. १८९२-९३ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली होती. १८१८ ला कोरेगावला लढणारे चालले. त्यांची नावं, 'नाक' शेपटाची नावं, इंग्रजांनी आपल्याच खर्चानं दगडात कोरली. पुढं इंग्रजांच्या डोक्यात लढाऊ जातींचं खूळ शिरलं. कोणाच्या रक्तात लढणं आहे आणि कोणाच्या नाही याच्या याद्या झाल्या. त्या यादीत आपण नाही. पंचाहत्तर वर्षांचा अनुभव दगडावर लिहिलेला असताना दाखला मागितला गेला, आणि मागितला तो कामाचा नाही, कुळाचा.

मग वलंगकरांच्या त्या विनंतीपत्रात काय आहे? पलटणीतली आपली सेवा आहेच. पण त्याच्या जोडीला असंही मांडलं आहे की ज्यांना अनार्य म्हणतात ते मुळात क्षत्रिय होते. १३९६ च्या महादुर्गादेवीच्या दुष्काळात मिळेल ते खाऊन जगले म्हणून खाली ढकलले गेले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. 'विटाळ विध्वंसक' लिहिणारा माणूस क्षत्रियपणाचं प्रमाणपत्र का दाखवतो? रात्रपाळीला साच्यामागं उभा राहून मनातल्या मनात बाबांशी भांडलो.

झेरॉक्सच्या दुकानात तो नमुना बघितला आणि राग गेला. बाबांनी ते विनंतीपत्र आपल्या मनानं लिहिलेलं नाही, वाचणाऱ्यानं त्यांच्याकडून लिहून घेतलंय. साहेबाच्या टेबलावर जातीचा रकाना आधीच आखलेला होता. तो मोकळा सोडला तर अर्ज टोपलीत. लग्नाचा का नोकरीचा, असं १८९४ ला कोणी विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, नोकरीचा. पण सरकारला स्थळ बघायचंय.

याच वलंगकरांची १८९५ ला महाडच्या लोकल बोर्डावर नेमणूक झाली तेव्हा वरच्या जातीचे सभासद खवळले. कूळ क्षत्रियाचं लिहा नाहीतर आणखी कोणाचं, शेजारच्या खुर्चीला ते पटत नाही. १९०० ला बाबा गेले.

त्यानंतर सोळा वर्षांनी, म्हणजे १८९४ पासून सोळा, पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी महारांच्या परिषदेतर्फे विलायतेत भारतमंत्र्याला अर्ज केला. १९१० साल. मागणी तीच : पोलिसात, लष्करात, सरकारी नोकरीच्या खालच्या पायऱ्यांवर तरी घ्या. पण अर्जाची चाल बदललेली. आम्ही पूर्वी कोण होतो यावर जोर नाही. आम्ही माणसं आहोत, याच राज्याची प्रजा आहोत, कोणाहून जन्मानं कमी नाही, हा जोर. सोळा वर्षांत जातीच्या रकान्यावर काट मारायला सुरुवात झाली. मला हा बदल पुष्कळ लढायांपेक्षा मोठा वाटतो.

कागदाची दुसरी बाजूही आहे. ती सांगितली नाही तर खोटं होईल. सुभेदार रामजी सकपाळ पलटणीतून पेन्शनीत निघाले. दापोलीच्या कॅम्पात पेन्शनरांची वस्ती होती, तिथं राहिले. पण घर मोठं, पेन्शन अपुरी. पुढं त्यांना साताऱ्याला सार्वजनिक बांधकाम खात्यात स्टोअरकीपरचं काम मिळालं. नंतर खटाव तालुक्यातल्या गोरेगावला, दुष्काळी कामावर तलाव खोदत होते तिथं, ते खजिनदार होते. बापाला भेटायला भीमराव आणि भावंडं मसूर स्टेशनावर उतरली आणि बैलगाडीवाल्यानं काय केलं, ते तुम्हाला पाठ आहे. मी बोट ठेवतोय ते वेगळ्या जागी. उतारवयात रामजींना दुसरी नोकरी मिळाली, कारण पलटणीनं त्यांना हुद्दा दिला होता, पलटणीच्या शाळेतल्या मास्तरकीचा कागद दिला होता. हुद्दा कागदावर होता म्हणून घर चाललं आणि पोरगा शिकला. पलटणीचं दार बंद झालं तेव्हा नुसती नोकरी नाही गेली, कागद मिळायचं ठिकाण गेलं. १९ मार्च १९२७ च्या महाडच्या भाषणात बाबासाहेबांनी लष्करभरतीचा विषय काढला, कोकणातल्या पेन्शनरांची आठवण काढली, ते उगाच नव्हे. पाण्याच्या परिषदेत नोकरीचं बोलणं झालं हे आपण विसरतो.

आणि पुराव्याचीच गोष्ट काढायची तर तळ्याचा खटला बघा. सत्याग्रहानंतर डिसेंबर १९२७ ला महाडच्या नऊ सवर्णांनी बाबासाहेबांवर आणि साथीदारांवर दिवाणी दावा लावला. तळं आमचं, अस्पृश्यांनी तिथं न येण्याची वहिवाट अनादी काळापासूनची. खटला चालला दहा वर्षं. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं सवर्णांचं अपील फेटाळलं, कारण अनादी वहिवाट त्यांना शाबीत करता आली नाही. हजारो वर्षांची म्हणून मिरवलेली गोष्ट, आणि कोर्टानं दाखला मागितला तेव्हा कपाटात काही नाही! पूर आला नव्हता, पेटी भिजली नव्हती. तरी नाही. तात्यांना मी हे वाचून दाखवलं तेव्हा ते इतके हसले की ठसका लागला.

माझ्या खात्याचंही थोडं. मुंबईच्या गिरण्यांत विणाईखात्यात पगार बरा होता. तिथं अस्पृश्याला घेत नसत. सबब अशी की कांडी बदलताना धागा तोंडानं ओढून धोट्यातून काढावा लागतो, मग दुसऱ्याला विटाळ. म्हणून आपली माणसं रिंगखात्यात, कमी पगारावर. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला आणि मागण्यांत घ्यायला लावला. मी रिंगफ्रेमवर उभा असतो तेव्हा हे डोक्यात असतं. आज ते यंत्रही नाही आणि तो धोटाही नाही. पण बघा, तिथं काय केलं? कसब शिकूच दिलं नाही. मग विचारायचं, विणाईचा अनुभव आहे का? तात्यांना कसब शिकण्यापासून अडवता आलं नाही, म्हणून नंबर अडवला. दोन्हीकडं शेवटी कागद कोराच.

१९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. महायुद्ध संपत आलं तेव्हा लाखो शिपाई आणि युद्धकामातले कारागीर मोकळे होणार होते. त्यांना काम मिळावं म्हणून १९४५ ला मजूर खात्यानं देशभर रोजगार विनिमय कचेऱ्यांची यंत्रणा उभी केली. आज बेकार तरुणांच्या रांगा म्हणून जी कचेरी आपल्याला माहीत आहे, तिची सुरुवात उमर झालेल्या, धंदा येणाऱ्या माणसांसाठी झालीय. तात्यांकडंही एकेकाळी त्या नोंदणीचं कार्ड होतं. तीन वर्षांनी नूतनीकरण करायचं असतं. दोनदा केलं. तिसऱ्यांदा हजरी बुडवून जिल्ह्याच्या ठिकाणी जाणं परवडलं नाही, कार्ड मेलं.

आता परत ओट्यावर.

चार पानांचं एक पान करायला बसलो आणि आमचं भांडण झालं. मी पत्ता लिहिला : गाव, मग बौद्धवाडी, तालुका पोलादपूर. तात्या म्हणाले, "गाव लिव. वाडी लिवू नको."

मी उसळलो. म्हटलं, वलंगकर झाले, कांबळे झाले, बाबासाहेब झाले, आणि तुम्ही २०२३ ला वाडी लपवता? मी तर म्हणतो ठळक टाईपात टाकू.

तात्या शांत. म्हणाले, "तुला कविता पायजेल. मला काम पायजेल. तुजी गिरनी चालू हाय म्हनून तुजा आवाज चढतो."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. त्यांनी वाडी लपवली म्हणून ते भ्याले असं म्हणणाऱ्यानं आधी सत्तावन्नाव्या वर्षी ठेकेदाराच्या दारात उभं राहून दाखवावं. मी वाडी खोडली. धर्म आणि जात तर दुकानातच खोडायला सांगितली होती. गंमत अशी की बायोडाट्याला आधारकार्डाची झेरॉक्स जोडावी लागते आणि तिच्यावर पत्ता पुरता छापलेला आहे, वाडीसकट. सरकारनं ठळक टाईपात टाकलंय.

वय सात वर्षांनी कमी लिव, असंही म्हणाले. ते मी ऐकलं नाही. आधारवर तेही होतं.

मग पुरावा गोळा करायला लागलो. चळवळीतल्या पोरांनो, हे जरा नीट वाचा, तुमच्या घरात असा माणूस असेलच. फंडाचा नंबर आहे का बघा. २०१४ पासून भविष्यनिर्वाह निधीचा एकच कायम नंबर मिळतो, तो मोबाईलला जोडला की कुठल्या ठेकेदारानं कधीपासून कधीपर्यंत पैसे भरले ते दिसतं. तात्यांचे निघाले : तीन वर्षं चार महिने. चौतीसपैकी. थोडे आहेत, पण सरकारी कागदावर आहेत, कोणाच्या मेहेरबानीवर नाहीत. दुसरं, कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा झाला तेव्हा त्याच्या नियमांत काम सुटताना ठेकेदारानं कामगाराला सेवेचा दाखला द्यावा असं होतं. तात्यांना चौतीस वर्षांत हे कोणी सांगितलं नाही, आणि मलाही त्या आठवड्यातच कळलं. तिसरं, निवृत्त माणसं शोधा. नोकरीत असलेला साहेब सही करत नाही, घाबरतो. निवृत्त झालेला करतो. एका जुन्या सुपरवायझरकडं आम्ही गेलो तर नंबराची भानगड नको म्हणून त्यांनी दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्यांनी घरात बोलावलं, चहा दिला, चष्मा शोधला आणि साध्या कागदावर लिहून दिलं की या माणसाचं काम मी नऊ वर्षं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तात्यांनी तो कागद प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घातला.

लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे, ज्यांनी पुढं महाडच्या परिषदेसाठी जिवाचं रान केलं, त्यांच्या पोरवयात महाडच्या बाजारात अस्पृश्यांसाठी चहाचं दुकान निघालं होतं. बाजाराला आलेल्या माणसाला तिथं टेकता यायचं, कपाला हात लावता यायचा. मी त्या दुकानाचा खूप विचार करतो. आज चहा कुठंही मिळतो. २० मार्चला आणि २५ डिसेंबरला महाडात हजारो माणसं येतात, पुस्तकांचे, कॅलेंडरांचे, बिल्ल्यांचे ठेले लागतात. त्यात एका टेबलावर एक पोरगा आणि एक लॅपटॉप का नसावा? समोर बसलेल्या गवंड्याला, वेल्डरला, वायरमनला एवढंच विचारायचं : सगळ्यात अवघड काम कुठलं केलंत?

शेवटी पान झालं. वर नाव आणि मोबाईल. मग कामं, वर्षं नाही. आर्गन आणि आर्क दोन्ही. लोखंड, स्टेनलेस. तिरप्या पायपेचा जोड. अडचणीच्या जागी आरसा लावून जोड. एक्स-रेच्या कामाचा अनुभव. नकाशा वाचता येतो. शिक्षण : सातवी. त्याच्या खाली मी लिहिलं, समोर चाचणी घ्यावी. हे वाक्य तात्यांचं. मी अर्ज करतो, विनंती करतो असलं काहीबाही लिहिलं होतं, ते म्हणाले, "इनंती कशाला? पाईप दे म्हनावं."

सात ठेकेदारांना मोबाईलवर पाठवलं. चौघांनी बघितलंही नाही. एकानं विचारलं आय.टी.आय. आहे का. एकानं वय बघून, काका तुम्ही आता आराम करा, असं लिहिलं. त्याचा मला जास्त राग आला. सातवा लोट्याचा. कशेडी घाट उतरून खेड, तिथून पुढं. त्यानं बोलावलं. सहा इंची पाईप तिरपी बांधून दिली आणि निघून गेला. तात्यांनी सांगितलं ते असं : "चश्मा पुसला, बसलो, दोन तासांनी उठलो." कापून वाकवून बघितलं, फिल्म काढली, खोट नाही. शटडाऊनच्या कामाला घेतलं. हजरी मात्र आय.टी.आय. झालेल्या पोरापेक्षा दीडशेनं कमी. मी म्हटलं भांडा. ते म्हणाले, या खेपेला नंबरासाठी भांडलोय, एका वक्ताला एकच.

आठवड्यानं माझ्या मोबाईलवर फोटो आला. मी पाळीवर होतो, साचा चालू होता, आडोशाला जाऊन बघितला. पायपेवर पांढऱ्या मार्करनं लिहिलेलं : डब्ल्यू १४. दुसरं काही नाही.

जूनमध्ये फोन आला. शटडाऊन संपलं होतं. जाताना दाखला मागितला तर साहेब म्हणाला, टायपून आणा, सही करतो. मी म्हटलं, सांगा तात्या, मी लिहून पाठवतो. नाव, नंबर, काम लिहून घेतलं. मग विचारलं, दिवस किती लिहू? दोन महिने लिहितो की, कोण मोजतंय.

"एक्केचाळीस," तात्या म्हणाले. "एक पन जास्त लिवू नको."